सांडशीशिवाय हातोडा

अलिबागहून मुरूडकडे निघाल्यावर रेवदंड्याची खाडी ओलांडली की लढायांचा मुलूख सुरू होतो. आधी कोर्लई लागते. 1594 साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हिसकावलेला आणि 1740 मध्ये मराठ्यांकडे आलेला तिथला डोंगरी किल्ला. मग बोर्ली, मग काशीद. काशीदची पांढरी वाळू, सुरूची झाडे आणि पाठीशी फणसाडचे जंगल. हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. पुढे नांदगाव, मुरूड आणि राजपुरी. काशीदला समुद्रात डुंबून, जेवूनखाऊन बरेच पर्यटक राजपुरी गाठतात, शिडाच्या होडीत बसून जंजिरा पाहतात आणि ‘अजिंक्य’ हा एकच शब्द घेऊन परततात. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी केले, पेशव्यांनी केले, तरी किल्ला पडला नाही. गोष्ट इथेच संपवली जाते. खरा प्रश्न त्यापुढे आहे. ज्यांनी डोंगरातले गड रातोरात घेतले, त्यांच्या जोराला या बेटापाशी काय कमी पडले?

हा प्रश्न फक्त इतिहासाचा नाही, म्हणून तो लावून धरावासा वाटतो. हल्ल्याचे आपल्याला फार कौतुक आहे. सभेतल्या वक्त्याने विरोधकांवर तोफ डागली, संपादकाने खरपूस समाचार घेतला, समीक्षकाने सालटी काढली, विरोधी पक्ष सरकारवर तुटून पडला: मराठी वर्तमानपत्राच्या कुठल्याही पानावर ही भाषा सापडते, आणि ती बहुधा शाबासकीच्या सुरात असते. इंग्रजीत याच अर्थाचा एक जुना वाक्प्रयोग आहे, ‘हॅमर अँड टाँग्ज’. त्वेषाने हल्ला चढवणे, कडाक्याचे भांडण करणे किंवा जीव तोडून कामाला भिडणे, या सगळ्यांसाठी तो अठराव्या शतकापासून वापरात आहे. तो आला लोहाराच्या भट्टीवरून. आज तो वापरणाऱ्यांच्या कानात बहुतेक घणाचा आवाजच असतो. पण भट्टीवर दोन हत्यारे असतात. एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात सांडशी. सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर पक्के धरले नाही, तर घाव कितीही मोठा असो, तुकडा उडून जातो आणि आकार येत नाही. मराठीत ‘कोंडीत पकडणे’ आहे, नाही असे नाही. पण टाळ्या त्याला पडत नाहीत, तुटून पडण्याला पडतात. माझे म्हणणे एवढेच आहे की महाराष्ट्रात ज्या हल्ल्यांनी काही बदलले, ते पकडीच्या बळावर. आणि जे वाया गेले, त्यांत शौर्याची किंवा शब्दांची उणीव नव्हती, पकडीची होती.

जंजिऱ्याकडे या नजरेने पाहावे. किल्ला समुद्रातून सरळ उभा आहे. तटाखाली फौज उतरवायला जागा नाही, दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मूळचा इथला मेढेकोट कोळ्यांचा, राम पाटलाचा. तो पिरमखानाने व्यापाऱ्याच्या वेशात येऊन दगाबाजीने घेतला, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्यांच्या हाती तो शेवटपर्यंत राहिला, त्या सत्तेची सुरुवातही तटावर धडक मारून झालेली नव्हती.

1669 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी इथे मोठी मोहीम उघडली. दंडा-राजपुरीचा किनारा हाती आला आणि जंजिऱ्याचा फत्तेखान तहाला तयार होऊ लागला. तेवढ्यात त्याच्याच सिद्दी सरदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. माझ्या मते जंजिऱ्याच्या इतिहासातला निर्णायक क्षण हा आहे. कुठलीही तोफ वा कुठलीही शिडी नव्हे. त्या दिवसापासून जंजिरा हे राजपुरीच्या खाडीतले एकटे बेट उरले नाही. त्याच्यामागे औरंगजेबाचा खजिना आणि सुरतेचे बंदर उभे राहिले. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात आसऱ्याला जाई आणि तिथले इंग्रज नाराजीने का होईना, त्याला राहू देत. घाव राजपुरीत घातला जात होता आणि लोखंडाचे दुसरे टोक सुरतेत होते.

1671 च्या होळीच्या रात्री सिद्दी कासीमने दंडा-राजपुरीवर छापा घातला. सणात गुंतलेले मराठे सैन्य, दारूकोठाराचा स्फोट, आणि किनारा गेला. यानंतर महाराजांनी जे केले, ते मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी मुरूडसमोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला, म्हणजे राजपुरीच्या छातीवर दुसरी राजपुरी उभी केली. 1675 च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाच्या कामासाठी ठरलेले पैसे आणि धान्य त्याने वेळेवर पोचवले नव्हते. पत्रातला संताप आजही भाजून काढतो. तुझ्यासारख्या ब्राह्मणाचीही गय केली जाणार नाही, असा त्याचा आशय. राजाचा एवढा राग कशासाठी? रणातून पळण्यासाठी नव्हे, बेटावरच्या माणसांना रसद न पोचवण्यासाठी. पकड कशाने टिकते हे त्या राजाला नेमके ठाऊक होते.

त्यानंतरची लाय पाटलाची हकीकत कोकणात सगळ्यांना माहीत आहे. रात्रीच्या अंधारात सोनकोळ्यांनी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, वाट पाहिली, आणि पेशवे मोरोपंतांची माणसे वेळेवर पोचलीच नाहीत. उजाडू लागले तेव्हा शिड्या काढून परत फिरावे लागले. महाराजांनी लाय पाटलाचा सन्मान केला. हल्ला फसला म्हणून त्याचे शौर्य कमी ठरले नाही, आणि ते कमी करण्याचा माझा हेतूही नाही. उलट अशा माणसांची किंमत कळते म्हणूनच म्हणतो, की वार करणाऱ्याच्या छातीपेक्षा त्याच्या मागून येणाऱ्यांची वेळ महत्त्वाची होती.

संभाजी महाराजांच्या काळी हीच गोष्ट आणखी कडवट झाली. कोंडाजी फर्जंद फितुरीचे सोंग घेऊन किल्ल्यात शिरला. बेत फुटला आणि तो मारला गेला. मग किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगडांचा भराव घालायला सुरुवात झाली. 1682 च्या आरंभी महाराज स्वतः राजपुरीला होते. समुद्र बुजवून किल्ल्याला जमिनीशी जोडायचे, ही कल्पना वेडेपणाची वाटेल, पण पकडीच्या दृष्टीने ती अचूक होती. मोगल सरदार हसन अलीखान कल्याणकडे उतरला म्हणून ती सोडावी लागली. जंजिरा वाचला तो पुन्हा एकदा राजपुरीपासून दूर घडलेल्या गोष्टीमुळे.

याच किनाऱ्यावर उलटे उदाहरणही आहे, आणि ते जंजिऱ्याइतके सांगितले जात नाही याची मला खंत वाटते. 1679 च्या पावसाळ्याअखेरी मराठ्यांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी मराठी ठाणे बसणार म्हणून इंग्रज चवताळले. त्यांची मोठी जहाजे आली, पाठोपाठ सिद्दीही आला. मराठ्यांच्या होड्या लहान होत्या. समोरासमोरच्या मारगिरीत त्या टिकणाऱ्या नव्हत्या, पण उथळ पाण्यातून, वारा पडलेला असताना, रात्रीच्या वेळी त्या थळहून बेटावर माणसे आणि सामान पोचवत राहिल्या. मायनाक भंडाऱ्याच्या माणसांनी बेट सोडले नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तह करून अंग काढून घेतले. सिद्दीने शेजारचे उंदेरी बळकावले, हे खरे. पण खांदेरी राहिली. तोफांचा जोर इंग्रजांकडे होता आणि पकड मराठ्यांकडे.

पेशवाईत बाजीराव आणि चिमाजी अप्पांनी सिद्दीशी जो सामना केला, त्यातही हाच फरक दिसतो. 1733 मध्ये सिद्दी घराण्यात वारशाचा कलह पेटला तेव्हा बाजीरावांनी किनाऱ्यावरचा मुलूख घेतला, रायगड परत आला. 1736 मध्ये कामार्ल्याच्या लढाईत सिद्दी सात पडला. बेट पडले नाही, पण बेटाचा धाक गेला. पुढे 1948 मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले, तेही बंदूक न झाडता, कारण तोवर त्याच्या पाठीशी उभी असलेली सत्ताच देश सोडून गेली होती.

तलवारीच्या गोष्टी इथेच थांबवतो. लेखणीच्या लढायांत हाच प्रश्न जास्त नाजूक होतो, कारण तिथे घाव बसला की हुकला हे लगेच कळत नाही. वाचक टाळ्या वाजवतो आणि लेखकाला वाटते, किल्ला पडला.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला 1874 ते 1881 अशी चालली. मराठी गद्याला तिने दिलेला आवेश नाकारण्यात अर्थ नाही. त्या गद्याचा दम आजही जाणवतो. लोकहितवादी, दयानंद सरस्वती, जोतीराव फुले, सगळ्यांवर ते तुटून पडले. फुल्यांच्या बाबतीत काय झाले? ‘गुलामगिरी’ 1873 ची. विद्या कोणाच्या हातात राहिली, शूद्र-अतिशूद्रांच्या कष्टावर कोण जगले, इतिहास कोणी लिहिला, असे थेट प्रश्न त्या लेखणीने विचारले होते. विष्णुशास्त्र्यांनी हत्यार उगारले आणि ते पडले फुल्यांच्या व्याकरणावर, शुद्धलेखनावर, अडाणीपणावर. वाचणारे त्या काळी नक्कीच हसले असतील. पण प्रश्न ऐरणीवर आलाच नाही. तो तसाच बाजूला सरकला आणि पुढची शंभर वर्षे महाराष्ट्राच्या दारात उभा राहिला. मराठी वादविवादातला हा मोठा हुकलेला घाव आहे असे मी मानतो. तो हुकला याची किंमत टीका करणाऱ्याच्या बाजूनेही चुकवली, कारण खरे उत्तर देण्याच्या निमित्ताने जे शिकता आले असते ते शिकायचे राहिले.

आगरकरांच्या वाट्याला आलेला हल्ला याहून भाबडा आणि क्रूर होता. ‘सुधारक’ 1888 मध्ये निघाले आणि पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढली. बालविवाह, केशवपन, विधवांचे हाल यांवरच्या त्यांच्या युक्तिवादातले एकही वाक्य त्या तिरडीवर नव्हते.

आता ताराबाई शिंदे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्यातल्या या बाईने ती वाचली. तिचा संताप कुणाहून कमी नव्हता. मराठीत इतके जळजळीत गद्य त्या शतकात फार थोड्यांनी लिहिले. पण या संतापाची बांधणी पाहा. स्त्रियांवर ठेवले जाणारे आरोप ती एकेक करून हातात घेते. साहस, कपट, चंचलपणा, अविचार: जे जे दोष धर्मग्रंथांनी आणि लोकांनी बायकांच्या पदरी बांधले, ते ती उलटसुलट करून पाहते आणि विचारते, हाच दोष पुरुषात किती आहे? आरोप तिने टाळला नाही, सौम्य केला नाही, हसण्यावारी नेला नाही. प्रतिपक्षाचाच मुद्दा घट्ट धरून त्यावर तिने घाव घातले. पुरुषांनी लिहिलेल्या त्या यादीतून सुटायला पुरुषांना वाट उरली नाही. त्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा फुले ‘सत्सार’मधून तिच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला मिळाले नाही, हे आपल्या भाषेचे नुकसान आहे.

आचार्य अत्र्यांचे नाव घेतल्याशिवाय या विषयावर मराठीत बोलता येत नाही. 1956 मध्ये ‘मराठा’ दैनिक सुरू झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या लेखणीने रान उठवले. अत्र्यांच्या नावाने आज शिव्या आणि कोट्या सांगितल्या जातात, आणि नव्या पिढीच्या वक्त्यांना वाटते की तोच त्यांचा वारसा. मागे काय होते ते विसरले जाते. मागणी एक होती: मुंबईसह महाराष्ट्र. तिच्यामागे एकत्र आलेले पक्ष होते, गिरणगाव होते, हुतात्मे होते. ती मागणी सांडशीसारखी पक्की होती म्हणून हातोडा वाया गेला नाही. आणि ज्या नेहरूंवर लढ्याच्या काळात अत्र्यांनी कडाडून टीका केली, त्याच नेहरूंच्या मृत्यूनंतर त्यांनी लिहिलेले लेख पुढे ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आले. ज्याच्यावर घाव घातला त्याचे मोठेपण ज्याला दिसत होते, त्याचा घाव आंधळा नव्हता.

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक. पण ज्याच्या डोक्यावर पिढ्यानपिढ्या काठ्या पडल्या, त्याला तुम्ही पकड शिकवता? राग हा त्याचा हक्क नाही का? आहे. राग नसेल तर भट्टीच पेटणार नाही. ज्यांना रागाची गरज पडली नाही, ते बहुतेक अन्यायाच्या सावलीत सुखाने बसलेले असतात, आणि त्यांनी इतरांना संयमाचे धडे द्यावेत हे मलाही सहन होत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर मी द्यायची गरज नाही. ते या जिल्ह्यातल्याच दोन लढ्यांनी दिले आहे, आणि ते देणारे सुखवस्तू नव्हते.

पहिला लढा चरीचा. काशीदच्या उत्तरेला, अलिबाग तालुक्यात. खोतांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांनी 27 ऑक्टोबर 1933 रोजी ठरवले की जमीन कसायची नाही. नेतृत्व नारायण नागू पाटलांचे. खोताच्या वाड्यावर चाल करून जाणे सोपे होते. एक रात्र पेटली असती, दुसऱ्या दिवशी पोलीस आले असते, आणि पुढच्या वर्षी तेच कूळ त्याच खोताच्या दारात उभे राहिले असते. त्याऐवजी पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी नांगर खाली ठेवला आणि सहा वर्षे उचलला नाही. उपासमार झाली, लोकांनी मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. खोताचे बळ जमिनीत नव्हते, कुळाच्या हातांत होते. ते हात नेमके तिथून काढून घेतले गेले. डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. 1939 मध्ये कूळकायदा झाला. ज्यांनी कुणाला दगड मारला नाही, त्यांनी ही पकड सहा वर्षे सोडली नाही. याला मी भारतातल्या सर्वांत जोरदार हल्ल्यांपैकी एक म्हणतो.

याच्या उलट आज दूरचित्रवाणीवर रोज रात्री चर्चा चालते. चार जण एकाच वेळी ओरडतात, सूत्रसंचालक अधिक ओरडतो, आणि कार्यक्रम संपल्यावर ‘अमुक यांनी तमुक यांची बोलती बंद केली’ अशा मथळ्याचा तुकडा मोबाइलवर फिरतो. तो तुकडा पाहून कुठल्या कुळाला, कुठल्या कंत्राटी कामगाराला, कुठल्या विस्थापिताला काही मिळाले, असे मी अजून पाहिलेले नाही. काशीद-मुरूडच्या किनाऱ्यावर जमिनींचे व्यवहार, मासेमारांच्या अडचणी, प्रकल्पांची आखणी असे कितीतरी प्रश्न आहेत, ज्यांत सातबारा, अधिसूचना, नकाशा, सुनावणीची तारीख हातात धरून बसावे लागते. त्यावर भाषण करणारे पुष्कळ आहेत. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून, उत्तर आले नाही म्हणून अपिलात जाणारा माणूस गावात एखादाच असतो, आणि गाव त्याला चिकट म्हणते. तो चिकट आहे म्हणूनच अधिकारी त्याला भितात. मराठी वृत्तपत्रांनी अशा माणसाला पहिल्या पानावर जागा द्यावी अशी माझी मागणी आहे. आणि टीका करणाऱ्या प्रत्येक लेखात प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याला स्वतःला ओळखू येईल अशा शब्दांत, आधी छापावे. ज्याला ते मांडता येत नाही त्याच्या हाती हातोडा देऊ नये.

आता या जिल्ह्यातला दुसरा लढा, महाडचा. चवदार तळे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तो कागदावर होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने परिषदेच्या लोकांना गाठून मारले. त्या लोकांत महायुद्धातून परतलेले सैनिक होते. एका शब्दावर उलटा हल्ला झाला असता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. मारणाऱ्यांवर खटले झाले, काहींना शिक्षा झाली. तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. डिसेंबरमध्ये पुन्हा हजारो माणसे जमली, पण त्याआधीच सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. पाणी प्यायला आलेल्या त्या माणसांना थांबवणे हे मार खाऊन गप्प बसण्याहून अवघड होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले, कारण झगडा सनातन्यांशी होता आणि हुकूम मोडला असता तर समोर सरकार उभे राहिले असते. सनातनी बाजूला निसटले असते. मनुस्मृतीचे दहन मात्र 25 डिसेंबरला झाले. त्या हल्ल्याला कोणाचा मनाई हुकूम नव्हता. त्याच परिषदेत त्यांनी महाडची तुलना 1789 च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. आग किती होती हे यावरून कळावे.

नंतरची वर्षे पुराव्यांची होती. सनातन्यांचा सगळा दावा एका गोष्टीवर उभा होता: अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रीत अनादी काळापासून चालत आली आहे. भावना, धर्म, विटाळ हे सगळे बाजूला ठेवून वादाला त्या एका विधानावर आणले गेले आणि तिथे धरून ठेवले गेले. रीत जुनी आहे हे दाखवणे सोपे होते. ती अनादी आहे हे दाखवायचे होते वादींना. दहा वर्षे खालच्या न्यायालयांतून चढत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यासमोर निकाल लागला: अशी अनादी रीत सिद्ध झालेली नाही, अपील फेटाळण्यात येत आहे.